बक्षिसाची मेंढी

वीज गेली आणि गिरणी गप्प झाली. तेवढ्यात कुणाच्या तरी कॉफीच्या भांड्याचं झाकण खडखडलं. टेफचं धान्य दळायच्या रांगेत माझ्यापुढे शाळेत बिनपगारी शिकवणारी दोघं उभी होती. कालची शर्यत त्यांनीच भरवलेली.

“बेझाबाई, मी पुरुषांच्या शर्यतीकडे होतो. बायकांत पहिली कोण?”

“कुणीच नाही, तेशोमेसर. झऱ्यावरून माघारी वळायचं, तर सगळ्या पाण्याच्या रांगेत थांबल्या.”

“भर शर्यतीत?”

“पाण्याचे कॅन पाठीला बांधूनच धावल्या. रिकाम्या हाती गेलं तर सासू घरात घेईल का, म्हणाल्या.”

“म्हणजे शेवटची रेघ कुणीच ओलांडली नाही?”

“ओलांडली की. बक्षिसाच्या मेंढीनं.”

“एकजण झऱ्यावरून माघारी वळली होती म्हणे?”

“वळली. अर्ध्या वाटेवरून परत जाऊन रांगेत उभी राहिली.”

“कोण ती?”

“धुळीत चेहरा कुठला दिसतोय!”

लेकीनं माझा पदर ओढला.

“आई, तू परत का गेलीस?”