घिरटीतला पक्षी मोजू नये

…नाही, हसा तुम्ही, पण आधी मला सांगा, त्या घारी काय मी आवतण देऊन बोलावल्या होत्या? तुम्हाला सांगतो, घिरटीतला पक्षी मोजायचा नसतो. हा नियम मीच लोकांना शिकवतो. उन्हाळा लागला की बाज, भोवत्या, ससाणे असे शिकारी पक्षी आपल्या डोक्यावरून उत्तरेला परत जातात, गरम हवेवर गोल गोल फिरत वर चढतात आणि वर गेले की सरळ निघतात. तेव्हा मोजायचे. फिरताना मोजलेत तर तोच पक्षी पुन्हा पुन्हा, म्हणजे एकच पोरगा प्रत्येक बाकावरून "हजर सर" म्हणतोय. इतकी वर्षं ठाकुरवाडीच्या वरच्या टेपाडावर बसून मोजतोय, चुकलो नाही… आणि चुकलो कधी, तर सख्ख्या भाचीच्या हळदीला.

आमच्यात नवरीला हळदीच्या पाटावर मामा बसवतो. मामाच, दुसरं कुणी नाही. माझी बहीण सोनुबाई खाली पायथ्याच्या गावात दिलेली, तिचा आदल्या दिवशी फोन. "दादा, उद्या तरी तुझी पाखरं सोड रं. आपली हर्षला तुझ्याबिगर पाटावर बसायची नाय." म्हटलं, अगं सकाळचे दोन तास फक्त, वर्षातून एकदा जातात ती. तर म्हणते, "आन् पोरगी काय दर सालाला लगीन करते?" वेळेवर येतो म्हणून फोन ठेवला आणि पहाटे टेपाड गाठलं.

सकाळभर आभाळ रिकामं. एक शिक्रा दिसला, तोही इथलाच रहिवासी. निघणार, दुर्बीण गळ्यातून काढलीसुद्धा, आणि दरीच्या तोंडाशी… खांब. उन्हासमोर काळ्या ठिपक्यांचा खांब, फिरतोय. थांबावं, निघाले की मोजावं, हे मला कळत नव्हतं? पण एक डोळा घड्याळावर, कानात सोनुबाई, म्हटलं मोजून टाकू आणि पळू. घिरटीतला पक्षी मोजायचा नसतो, तुम्हाला सांगतो, आणि मी फिरतानाच तीनशे मोजले आणि पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकले, "बाज, तीनशे, विक्रम".

झालं. खोपोलीहून हरेश आणि मंडळी तासाभरात हजर, हातभर लांब लेन्सा घेऊन. आता यांना टाकून हळदीला कसा जाऊ? हरेश म्हणतो, "सर, हे पुढं का जात नाहीत?" मी म्हणालो, दमलेत, लांबचा पल्ला आहे. असं मी म्हणालो. मग ठरलं, खांबाच्या बुडाशी जाऊ, जवळून फोटो मिळतील. मी पुढे, बोट वर, नजर वर, कॅमेरे मागे, उतरणीवरून, बांधांवरून, बँडचा आवाज जवळ येतोय आणि मी म्हणतोय, कुणाकडे तरी लग्न दिसतंय…

मांडवामागे गावचा जैतू हळदीच्या जेवणाची बोकडं साफ करत होता. आतडी खड्ड्यात, आणि खड्ड्यावर सगळ्या तालुक्याच्या घारी. बाज एक नाही. हरेशने लेन्स खाली केली आणि तिला टोपण लावलं.

सोनुबाई पिवळ्या हातांनी बाहेर आली. "आला रं मामा. फोटोवालंबी आणलंस? बरं केलंस, आमी इसरलेलो." मी विचारलं, हर्षलाला बसवलं कुणी? "बँडवाल्या प्रवीणनं. किती येळ वाट बघायची?" प्रवीण कोपऱ्यात ट्रंपेट मांडीवर ठेवून लाजत रस्सा ओरपत होता. येणारी-जाणारी बाई त्याला म्हणत होती, "मामा, आणखी घे." मला कुणी वाढेना. ग्रुपवर दुरुस्ती टाकली, "बाज शून्य. घारी पुष्कळ." त्याखाली हरेशने नुसते जोडलेले हात टाकले.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. शेलूला सासरी जाणारी गाडी सुरू झाली, हर्षलाने काच खाली केली आणि हाक मारली, "मामा." मी पुढे झालो. प्रवीणही झाला. मी मान खाली घातली. तिने डोळे पुसत दोघांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "मोज आता. दोन झालं."

गाडी सरळ निघून गेली. आणि तुम्हाला सांगतो, त्या हंगामातला माझा तेवढाच आकडा तपासायला कुणी आलं नाही.