पाच पाकिटं

वसुलीवाला : ताई, दोनच मिनिटांचं काम आहे. दार तर उघडा.

शिवणवाली : दोनच मिनिटांचं आहे ना? मग बाहेरूनच बोला.

सासूबाई : अगं, कधीचा उभा आहे तो. आत तरी घे.

शिवणवाली : आई, आत घेतलं की मशीन जप्तीच्या यादीत जाणार. खालच्या मजल्यावर पाणी मागत आत शिरले आणि टीव्ही उचलून नेला, विसरलात?

वसुलीवाला : ऐकू येतंय मला.

शिवणवाली : बरंच झालं. कर्ज आमच्याआधीच्या भाडेकरूचं. आम्हाला इथे तीन वर्षं झाली. करार खिडकीतून दाखवू?

वसुलीवाला : करार काय, कोणीही करतं. या पत्त्यावर पाच नोटिसा आल्या, पाचही सही करून घेतल्यात. तो इथे राहत नाही, तर घेतल्या कुणी?

शिवणवाली : कुणी म्हणजे... आई?

सासूबाई : पोस्टमन तीन जिने चढून यायचा गं. त्याला परत कसं पाठवायचं?

शिवणवाली : पाच वेळा?

सासूबाई : पाकिटं जपून ठेवलीत. बटणांच्या डब्याखाली. एकही फोडलं नाही.

शिवणवाली : आता काय बोलू मी तुम्हाला.

वसुलीवाला : उद्या कुलूपवाल्याला घेऊन येतो.

शिवणवाली : कोर्टाचा हुकूम आहे?

वसुलीवाला : ऑफिसचं पत्र आहे.

शिवणवाली : मी कोर्टाचं विचारलं. असेल तर दाराखालून सरकवा. नसेल तर आत यायचं नाही. सोमवारी शाळेचे चाळीस गणवेश द्यायचेत मला. मशीन गेलं तर खायचं काय?

वसुलीवाला : ताई, सह्या आहेत माझ्याकडे. सह्या.

सासूबाई : अहो, पण त्या वाचल्यात का?

वसुलीवाला : सही कोण वाचतं?

सासूबाई : वाचा की. माझं नाव आहे, आडनावासकट. दुसऱ्याची खोटी सही मी कशाला करू? आणि ही घ्या पाकिटं, सरकवलीत खालून. त्याला एकही मिळालेलं नाही.

वसुलीवाला : ...पाचही बंद आहेत.

शिवणवाली : तेच तर सांगतेय मघापासून. लिहा, तो इथे राहत नाही.

वसुलीवाला : लिहितो. पण ऑफिसात कोणी वाचेलच असं नाही. पुढच्या महिन्यात दुसरा कोणी येईल.

शिवणवाली : म्हणजे पुन्हा हेच सगळं.

वसुलीवाला : पुन्हा हेच. आजी, घोटभर पाणी मिळेल? खरंच तहान लागलीय.

सासूबाई : खिडकीशी या. गजांतून पेला जातो.