भैरोबाला वाहिलेली चंची

मंडळी, आधी एक प्रश्न. सोडणं अवघड, की सोडलेलं परत न उचलणं अवघड? हं — मागचे अण्णा उत्तर देणार होते, पण तोंडात ऐवज आहे! असू द्या, अण्णा. बसून ऐका.

पिंपळझरी नावाचं गाव. तिथं सोपान गवंडी. भिंत एकदम सरळ, पण डाव्या गालात तीस वर्षं तंबाखूची गोळी! एक दिवस भाकरी-ठेचा गालाला झोंबायला लागला, तेव्हा गेला तालुक्याला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आ करा." याचा आ दोन बोटांचा! आत पांढरा चट्टा. बाई म्हणाल्या, "काका, आज सोडलीत तर चट्टा जाईलही. नाही सोडलीत, तर उद्या गाल कापायची पाळी येईल. महिन्यानं दाखवायला या."

सोपान घाबरला. घाबरणारच की हो! तडक भैरोबाच्या देवळात गेला. चंची — तंबाखू, चुन्याची डबी, सगळ्यासकट — देवाच्या पायाशी ठेवली. "देवा, आजपासनं ही तुझी!" गावानं कौतुक केलं. गुरवानं चंची हलवलीसुद्धा नाही. देवाला वाहिलेलं, हात कसा लावायचा?

आठ दिवस बरे गेले. बरे म्हणजे कसे? तळहात रिकामा, आणि अंगठा आपला घासतोय! बायकोवर खेकसतोय, विटांवर खेकसतोय. नवव्या दिवशी दर्शनाला गेला, तर चंची समोरच! आणि एरवी न चालणारं डोकं अशा वेळी काय धावतं हो! म्हणतो, "देवाला वाहिलं, म्हंजे झाला प्रसाद. प्रसादाला न्हाई म्हणू नये." — घेतली चिमूट!

मग काय, भक्तीला पूर आला! सकाळी दर्शन, दुपारी दर्शन, संध्याकाळी दोनदा! बायको शेवंता शेजारणींना सांगतेय, "आमचं धनी पार देवमाणूस झालं गं बाई!" चंची संपली, तर यानं नवी पुडी आणून भरली. देवाला उपाशी ठेवायचं का?

रविवारी शेवंता नारळ घेऊन आली. बघते तर धनी खांबाआड मळतायत! ओरडली नाही. म्हणाली, "काय हाय ते?"

"प... प्रसाद हाय."

"आसं? मग एकट्यानंच खायाचा व्हय?" तिनं पदर पसरला. "मला द्या. आन् नातीला बी चिमूटभर बांधून द्या."

सोपाननं झटकन हात मागं घेतला. "याड लागलं का तुला? पोरीला इख चारतीस?"

शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. "इख हाय न्हवं? मग देवाला कशापायी वाहिलं? आन् तुमी गेल्यावर म्या कुणाकडं बघू?"

सोपान रडला, मंडळी. देवापुढची चंची उचलून घरी नेली आणि स्वतःच्या हातानं चुलीत घातली. दुसऱ्या दिवशी कामावरच्या गड्यांना म्हणाला, "म्या घसरलो. माझ्याम्होरं मळू नका. मागितली तर शिव्या घाला." गडी खूश! सोपाननं चार वेळा मागितली, चार वेळा पोटभर खाल्ल्या — शिव्या! महिन्यानं बाईंनी पाहिलं, चट्टा फिकट झाला होता. म्हणाल्या, "असेच राहा, आणि परत दाखवायला या."

आता तुम्ही! हात खिशावर गेले ना? मी कुणाचा खिसा तपासणार नाही. घरी जा, पुडी उघडा, आणि मनाशी एवढंच विचारा — यातली चिमूट माझ्या लेकराच्या हातावर ठेवीन का? ठेवाल, तर खुशाल खा. नाही ना? मग ज्या तोंडानं त्याचा मुका घेता, त्या तोंडात ती कशी घालता?