गाठ टीबीची निघाली तवा

माजं माहेर अंजनवेलचं, दिली गुहागरला. तिकडं पन म्हावरा, हितं पन म्हावरा, जन्माला आल्ये ती मासळीची पाटी घेऊनच म्हना. आमचे हे बोटीवर तांडेल, खलाशी त्यांच्या शब्दाबाहेर जायचे नाय. आनि एक दिवस बंदरात जाळं उतरवताना हे आडवेच झाले, हातपाय झाडतायत, तोंडाला फेस, काय सांगू तुमाला, माजी पाटी खाली, बांगडे चिखलात, मी धावत्ये.

रत्नागिरीला मेंदूचा फोटो काडला, डॉक्टर बोलले गाठ हाय, कॅन्सरसारकी दिसत्ये, मुंबईला न्या. झालं, वाडीभर ट्यूमर ट्यूमर. कोन शहाळी आनतंय, कोन रडतंय, माजी जाऊ गळ्यात पडून, वैनी तुमचं कसं व्हनार. हे समोर जित्ते बसून चा पितायत नि बाया माज्या कपाळाकडं बघतायत. असा राग यायचा!

मुंबईला डोक्याला भोक पाडून बारीक तुकडा काडला, तपासला. डॉक्टरीन बाई हसत आली, बोलली मावशी, कॅन्सर नाय, टीबी हाय, मेंदूत गाठ धरून बसलाय, फोटोत तसाच दिसतो. गोळ्या चुकवू नका, बरे व्हतील. छाती साफ हाय, कोनाला लागनार नाय. मी तिचे पायच धरले.

गाडीतनं उतरल्ये ती सांगतच सुटल्ये, टीबी हाय, टीबी! आनंद झालाता ना मला. दुसऱ्या दिवसापासनं जाऊ आली नाय. बाजारात गिऱ्हाईक माजी पाटी सोडून पुढं. अवो, मेंदूतला टीबी बांगड्यात कसा येल? डॉक्टरचं सांगनं सांगून सांगून माजं तोंड दुखलं, ऐकतंय कोन? मरनार होते तवा मांडीला मांडी लावून बसलात, नि आता बरे व्हतायत तर कप येगळा?

गोळ्या पुऱ्या झाल्या, हे बरे झाले. हे घरी जाळी शिवतायत, बोटीवर अजून कोन घेत नाय. मी येष्टीनं लोट्याला जात्ये पाटी घेऊन, तितं कंपनीवाल्यांच्या बायका घेतात. परवा एक बोलली मावशी, घरवाला आजारी व्हता म्हनं, काय झालंतं? बांगडा तिच्या हातात व्हता. मी त्या हाताकडं बघितलं नि बोलल्ये, ट्यूमर. अरेरे, बोलली बिचारी, नि दोन बांगडे जास्तीचे घेतले. देव तिचं भलं करो.