चौथी खुंटी

—नाही, तो डबा नाही द्यायचा. ठेवा खाली. झाकण उघडू नका, नुसता ठेवा — हां. बाकी या शेडमध्ये दिसेल त्याला हात लावा, माझी ना नाही. बिस्किटांचा डबा आहे साधा, तुमच्या गाडीचं त्यात काही नाही. बसा. त्या स्टुलावर नको, तिकडे खोक्यावर बसा — राग मानू नका, स्टूल माझ्या थोरल्या भावाचं आहे. होतं. महिना झाला त्याला जाऊन. आता रिकामं स्टूल बघवत नाही आणि त्यावर दुसरं कुणी बसलेलंही बघवत नाही, असं चमत्कारिक झालंय माझं. चहा सांगू? नको? बरं.

काय म्हणालात, कोणत्या सालची? चौतीसची, चार सिलिंडर. कनेक्टिंग रॉड हवेत, चारही. अहो, मग असं करा ना, दुकानात जा आणि मागा — हसताय, म्हणजे फिरून आलात. मिळत नाहीत. या गाड्यांचे सुटे भाग दुकानात नसतात, ते कुठंतरी नांदत असतात, दुसऱ्याच नावानं. एका बाईंच्या स्वयंपाकघराच्या कपाटाला गाडीच्या दाराची मूठ होती — अस्सल, त्या काळची, पितळी. मी म्हटलं, बाई, नवीकोरी आणून देतो, ही द्या. नाही म्हणाल्या. दादानं काय केलं असेल? काही नाही. तासभर त्यांच्याशी गप्पा मारल्या, कपाटाची बिजागरी करकरत होती ती नीट करून दिली, आणि उठला. तर बाईच मागून आल्या मूठ घेऊन. हेडलाइटची काच मिळाली ती कोंबड्यांच्या खुराड्यात, पाणी प्यायला ठेवलेली. आणि तुमच्या गाडीचं अख्खं इंजिन मी एका लाकडाच्या वखारीत करवत फिरवताना पाहिलंय, चांगलं ठणठणीत. दादा म्हणायचा, घाई करणाऱ्याला सुटा भाग दिसत नाही, त्याला फक्त भंगार दिसतं. घाई. हं.

तर रॉड. रॉडच्या खालच्या डोळ्यात, त्या गोल कडीत, पांढरा धातू ओतावा लागतो, माहीत आहे ना? हल्लीच्या गाड्यांना तयार बेअरिंग येतं, घातलं की झालं. या म्हाताऱ्यांचं तसं नाही. मुशीत धातू वितळवायचा, रॉडमध्ये ओतायचा, मग निळा रंग लावून एकेक केसभर खरवडत बसायचं, क्रँक फिरेल इतपत. धातू किती तापला हे दादा काडीनं बघायचा. वाळलेली काडी मुशीत बुडवायची — तपकिरी झाली तर बरोबर, पेटली तर जास्त, तशीच राहिली तर थांबा अजून. यंत्र होतं मोजायचं, मीच आणलं होतं. त्यानं त्याच्यावर टोपी अडकवली.

काय? कोण म्हणालं? — नाही, नाही, बोला, लाजू नका. थोरल्याचा हात गेला होता, धाकट्याचा हात चांगला. जुन्या बाजारातला तो भोंगेवाला म्हणाला असणार. सगळीकडे तेच सांगतो. त्याचं तरी काय चुकतंय, सगळेच तसं सांगतात, अकरा वर्षं झाली. मलाही लोक तोंडावर सांगतात आणि मी — मी काय करतो? मी म्हणतो, छे हो, दादा तो दादाच. असं म्हटलं की माणूस नम्र दिसतो. आणि समोरच्याचं मत होतं तसंच राहतं.

थांबा. तुम्हाला दाखवतो एक गोष्ट. तो वरचा कप्पा — राहू द्या, माझा हात पोचतो. हे बघा. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं आहे, अकरा वर्षांचं. सोडा गाठ. चार रॉड, तुमच्याच गाडीचे. बोट फिरवा आतून. फिरवा ना. लागतं कुठं काही? नाही लागणार. हे थोरल्याच्या हातचं. त्या दिवशी दादानं एकाच मुशीतून दोन संच ओतले. सकाळी हा, एका गिऱ्हाइकासाठी, ते बिचारे परत आलेच नाहीत. आणि दुपारी दुसरा, दातांच्या डॉक्टरांच्या गाडीचा. धातू तोच, हात तोच, काडीसुद्धा तीच. आता मला सांगा, सकाळी चांगला असलेला हात दुपारी जातो का?

नाही जात.

डॉक्टरांच्या वडिलांचा ऐंशीवा वाढदिवस होता. ती गाडी वडिलांच्या वडिलांची, म्हातारबुवा तिच्यावरच गाडी शिकले होते. तीस वर्षं गोठ्यात पडून होती ती आम्ही उभी केली, दोन वर्षं लागली. वाढदिवसाला त्यांनी स्वतः चालवायची आणि मागे नातवंडं, असं ठरलेलं. अन् त्याच महिन्यात दादानं चारचौघांत जाहीर केलं होतं, आता वर्कशॉप धाकटा बघेल, मी फक्त ओतायचं काम करणार. पाटीवर माझं नाव आलं होतं. मला काय ते — अंगावर मूठभर मांस चढलं होतं म्हणा. डॉक्टर दुपारपासून दारात उभे, झालं का, झालं का. मी म्हटलं, झालं. मीच म्हटलं.

रॉडच्या तळाला एक भोक असतं, तेल आत यायला. धातू ओतताना ते बुजू नये म्हणून दादा त्यात लाकडाची खुंटी ठोकायचा. चार रॉड, चार खुंट्या, कडक लाकडाच्या, त्यानंच तासलेल्या — वर्षानुवर्षं त्याच. ओतून झालं की खुंटी काढायची, तिथून धातूला आरपार भोक पाडायचं, आणि खुंटी परत डब्यात. डब्यात चार आल्या म्हणजे चार भोकं झाली. मग प्रत्येक रॉड खिडकीशी धरून बघायचा, भोकातून उजेड दिसतो का. इतकं सोपं. सकाळचा संच त्यानं स्वतः केला. दुपारचा माझ्याकडे दिला. तिसऱ्या रॉडची खुंटी मोडली, अर्धी आतच राहिली. म्हटलं, आधी चौथा करू, मग हिला कोरून काढू. तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली, सीटचं कापड बघायला. परत आलो तो सरळ चारही रॉडना खालून तेलाचा चमचा बसवायला लागलो — चमच्यासारखा पत्रा असतो, तो तेल उपसतो. चमचा बसला की भोक बाहेरून दिसत नाही. खिडकीशी धरायचं राहिलं. दादा हात पुसत आला, म्हणाला, ‘चार आल्या का रे?’ मी वर न बघता म्हटलं, ‘आल्या.’

गाडी चार मैल गेली. पुलावर जाम झाली. तिसरं बेअरिंग कोरडं पळालं, वितळून गेलं, रॉडनं क्रँक खाल्ला. मागे नातवंडं, पुढे म्हातारबुवा, मागून गाड्यांचे हॉर्न. शेवटी ट्रकला दोरी बांधून आणली. म्हातारबुवा काही उतरेनात, स्टिअरिंग धरून बसले, म्हणाले, चालतेय ना, मग कशानं का चालेना. लोक हसले. मीही हसलो की काय कोण जाणे, आठवत नाही. त्यानंतर ते कधी त्या गाडीत बसले नाहीत. हिवाळ्यात गेलेच.

इंजिन मी एकट्यानं उघडलं. दादाला म्हटलं, तू बस, तुझी कंबर धरलीये. चमचा काढला, आणि खुंटी तिथेच. काळी पडलेली, एवढीशी. मी ती — मी ती खिशात टाकली. का टाकली? ठरवून नाही हो. हात गेला खिशात, बस. बाहेर आलो तर दादा डॉक्टरांसमोर उभा. डॉक्टर काही वेडंवाकडं बोलले नाहीत, सज्जन माणूस, एवढंच विचारलं की कशानं झालं. मी तोंड उघडलं. म्हणजे मला अजून वाटतं की मी सांगणार होतो. पण दादानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना म्हणाला, ‘ओतण्यात चूक झाली, साहेब. माझा हात गेला आता.’

आणि माझा हात खिशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मूस धुऊन उलटी ठेवली. परत हात लावला नाही. मला वाटलं, बरोबर, त्याला खरंच तसं वाटतंय. मी मनात म्हटलं, आज नको, आठवड्यानं सांगू. हा संच त्यानं एकदा विचारला, सकाळचा तो कुठंय रे? मी म्हटलं, भंगारात दिला. कारण हा समोर असता तर कुणीही म्हटलं असतं, अरे, हा तर चांगला आहे. म्हणून हा वर, फडक्यात. समजतंय ना तुम्हाला, मी काय माणूस आहे ते?

मग अकरा वर्षं तो त्या स्टुलावर. बोल्ट धुवायचा, गंज काढायचा, आलेल्या माणसाला सांगायचा, ओतायचं काम धाकट्याकडे, त्याला विचारा. मी ओतायला बसलो की तिकडून नुसता बघायचा. एकदाही चूक काढली नाही. रोज संध्याकाळी बंद करताना मात्र एक विचारायचा, ‘सगळं मोजलंस का?’ मी म्हणायचो, मोजलं. मला वाटायचं पान्यांचं विचारतोय. पाने मोजून लावायची सवय आमच्या वडिलांपासूनची. रोज, अहो. अकरा वर्षं रोज. आजारात शेवटी शेवटी बोलणं तुटक झालं होतं, तरी मी दवाखान्यातून निघालो की तेच. सगळं मोजलंस का. मी म्हणायचो, हो रे, तू झोप.

रविवारी वहिनी आल्या. हा डबा घेऊन. भावजी, म्हणाल्या, हा त्यांच्या कपाटात होता, सदऱ्यांच्या खाली, तुमच्या कामाचं काहीतरी दिसतंय. मी तर इतकी वर्षं समजत होतो की डबा त्या गडबडीत हरवला. त्यांच्यासमोरच झाकण उघडलं. तळाला चिंधी घातलेली, आणि वर नीट, ओळीनं लावलेल्या — तीन.

तीन खुंट्या.

म्हणजे त्यानं मोजल्या होत्या. त्याच दिवशी. डॉक्टरांसमोर उभा राहायच्या आधी मोजल्या असणार, म्हणून तर माझ्याकडे तसं बघितलं. माझं नाव पाटीवर नुकतं लागलं होतं ना. त्यानं आपल्या नावाची माती केली आणि डबा घरी नेऊन सदऱ्यांखाली ठेवला, मला दिसू नये म्हणून. आणि मग वाट बघत बसला, तिथं, त्या स्टुलावर. रागावला असता तर बरं झालं असतं. चारचौघांत कानाखाली वाजवायला हवी होती त्यानं माझ्या. मी वाट बघायला लावली त्याला. रोज विचारत होता, आणि मी रोज म्हणत होतो, मोजलं. वहिनी विचारत होत्या, काय झालं भावजी, डोळ्यांत काय गेलं? मी त्यांना म्हटलं, काही नाही, रॉकेलचा वास. त्यांनाही नाही सांगितलं. आजसुद्धा तुम्हाला सांगतोय — तुमचं नावसुद्धा विचारलं नाही मी — आणि त्यांना नाही.

चौथी माझ्याकडे आहे. होय, ती काळी. सकाळपासून तीनदा झाकण उघडलं की घालावी डब्यात. घालवत नाही. त्याच्या हयातीत घालायची होती ती.

जाऊ द्या. तुम्ही रॉड घ्यायला आलात. न्या. नाही, ते नंतर बघू, तो विषय काढू नका. इकडे या, खिडकीशी. एकेक उचला आणि खालच्या भोकातून बघा. असं धरा, तिरकं नको. उजेड दिसतो? एक. पुढचा घ्या. दिसतो? दोन. घाई करू नका. तीन. — तो नीट बघा, तिसरा. परत बघा. दिसतो ना? आरपार? बरं. चार.

चार आल्या.

कुणी विचारलं तर सांगा, थोरल्याच्या हातचं आहे. भोंगेवाल्यालाही सांगा. बाकीचं — बाकीचं तुम्ही कुणाला सांगू नका, ते माझं काम आहे. वहिनी दुपारी घरी असतात.

या तुम्ही आता. फडकं राहू द्या माझ्याकडे. आणि जाताना दार ओढून घ्या.