सरदाराचं आडनाव

अरे, काल मी बोललो! उदगीरच्या मोंढ्यात, भर धान्यबाजारात सगळ्या हमालांसमोर, गाडीवान शिवप्पाकाकांना!

काका गाडीच्या उभ्या बैलाला उगीच पराणी टोचायचे आणि तो दचकला की पोट धरून हसायचे. काल बैलाला रक्त आलं, तशी माझी भीड मोडली.

“काका, दुसऱ्याला छळून हसणाऱ्याला सॅडिस्ट म्हणतेत. मोबाईलवर वाचलंय मी.”

“कोणी काढला रे ह्यो शब्द?”

“फ्रान्समधी एक सरदार होता. त्याला लोकांच्या हालात लई मजा यायची. त्याच्या आडनावाचाच शब्द झाला.”

एक हमाल ओरडला, “काका, आता तुमच्या आडनावाचाबी हुतोय बघा!”

काका हसले नाहीत. परवाच त्यांना नातू झालाय. पराणी गाडीत टाकून त्यांनी मला हळूच विचारलं, “त्या सरदाराच्या नातवानं आडनाव कोणतं लावलं रे?”