भज्यांच्या तेलावरची जीप

(जानेवारीतली सकाळ. पिंपळगावच्या पुढे, हायवेवर चहाच्या टपरीसमोर एक जुनी जीप. बॉनेट उघडं.)

यशोदाबाई : ढकलू का मी मागून?

कोंडाजी : तू गप उभी राहा. ढकलून कुठं चालू व्हायची? पाइपात तेल गोठलंय.

यशोदाबाई : अठ्ठावीस वर्षं ओझरला विमानं दुरुस्त केलीत म्हणे. तीपण अशीच उडायची का, सेल मारत मारत?

कोंडाजी : विमानात तुझ्या भज्यांचं तेल नव्हतं.

यशोदाबाई : माझ्या तेलाला नावं ठेवायची नाहीत. मी भजी तळून उरलेलं टाकून द्यायचे. डबे भरून तुम्ही घरात आणलेत. माझ्या दोन चांगल्या साड्या गाळणीला गेल्या. शेजारची अंजली विचारते, काकू, काकांची जीप गेली की भूक का लागते?

कोंडाजी : मग फुकटात जाहिरात झाली की तुझ्या गाड्याची! थांब, हनीफला फोन लावतो. त्यानंच जोडलंय सगळं.

हनीफ (फोनच्या स्पीकरवर) : बोला कोंडाजीभाऊ. पोचले का चांदवडला?

कोंडाजी : कुठलं चांदवड! चहाला अर्धा तास थांबलो, आता चालू व्हईना.

हनीफ : नळ कुठंय? डिझेलच्या टाकीवर का तेलाच्या?

कोंडाजी : तेलाच्या.

हनीफ : अरे यार भाऊ, शंभर वेळा सांगितलं. बंद करायच्या आधी नळ डिझेलवर फिरवायचा, गाडी दोन मिनिटं चालू ठेवायची. पाइपातलं तेल जळून गेलं की मग चावी. या थंडीत ते तुपासारखं बसतं.

कोंडाजी : मी चालूच ठेवली व्हती. म्हटलं चहा सांगून येतो अन् नळ फिरवतो. मागं वळून बघतो तर गाडी बंद.

हनीफ : कोणी केली?

यशोदाबाई : मी केली. उगाच धूर कशाला, म्हटलं.

हनीफ : वहिनी, तुम्ही? मागच्या जुम्म्याला गॅरेजवर भाऊ चावीला हात लावत होते, तर तुम्हीच ओरडल्या, 'आधी नळ!' मी तर तेव्हापासून निवांत होतो.

यशोदाबाई : झाली चूक. आता काय करायचं ते सांगा.

हनीफ : टपरीवाल्याकडून किटलीभर गरम पाणी घ्या. फिल्टरवर अन् पाइपावर हळूहळू ओता. नळ डिझेलवर करा, डिझेलचा हातपंप मारा, मग सेल. होईल चालू. हळदीला उशीर नका करू, वहिनी.

कोंडाजी : ठेवतो रे. (टपरीवरून गरम पाणी आणून) यशोदे, घे किटली, ओत. हळू... चुकून फिरवलीस का चावी?

यशोदाबाई : पाणी पायावर सांडतंय तुमच्या.

कोंडाजी : सांडू दे.

यशोदाबाई : मुद्दाम फिरवली. झालं समाधान?

कोंडाजी : चांदवड नको म्हनून?

यशोदाबाई : लग्न बायडीच्या लेकीचं, अन् आमंत्रण कोणाचं? तर त्या लेकीचंच. 'मावशी, तू ये हं,' पायलनं सांगितलं. पण सख्खी बहीण सात वर्षांत एक शब्द बोलली नाही. दारात पाऊल ठेवू नकोस म्हणाली होती. सगळ्या बायकांसमोर तिनं तोंड फिरवलं तर?

कोंडाजी : मग गाडी कशाला गोठवायची? पोट दुखतंय म्हनायचं. माझ्या गावाला जायचं म्हटलं की लगीन झाल्यापासनं तेच तर करती.

यशोदाबाई : थट्टा सुचते तुम्हाला. मला भीती वाटते हो.

कोंडाजी : दिसतंय ते. आख्ख्या रस्त्यानं मला एकदापन 'हळू चालवा' म्हनली नाय.

यशोदाबाई : आणि तिचं तरी काय चुकलं? आईचं काही खरं नाही, लगेच ये, असा फोन केला तिनं. मी म्हटलं, गाड्यावरची शनिवारची गर्दी आटपते अन् रविवारी येते. आई शुक्रवारीच गेली.

कोंडाजी : चुकलं म्हनून कधी बोललीस का तिला?

यशोदाबाई : नाही. उलट भांडून आले.

कोंडाजी : सरक जरा, सेल मारतो... घे! झाली चालू. आता नाशिक मागं, चांदवड पुढं. तू म्हनशील तिकडं तोंड करतो गाडीचं. रुसनार नाय मी.

यशोदाबाई : पुढं जाऊन बोलायचं काय पण?

कोंडाजी : मी बायडी हाय समज. दारात उभी हाय. बोल.

यशोदाबाई : तुम्ही बायडी? मिशा काढा आधी.

कोंडाजी : मिशीकडं बघू नको. बोल.

यशोदाबाई : बायडे... तू बोलावलंस, अन् मी रविवारवर ढकललं. आईचं तोंड बघायचं राहिलं. चुकलं माझं, बाई.

कोंडाजी : (जीपचं दार उघडून धरतो.)

यशोदाबाई : हे काय? बायडी काय म्हणते, ते सांगा की.

कोंडाजी : चल, बस. हळद लागायच्या आत पोचू.